गावासाठी तपासणीची पेटी घ्यायची आहे, नेमकं काय घ्यावं?

साकवापलीकडे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या पलीकडच्या अंगाला. पावसात साकव पाण्याखाली गेला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला १८ किलोमीटरचा वळसा पडतो. गावात माणसं उरलीत ती बहुतेक साठीच्या पुढची. तरुण पोरं मुंबईत किंवा गोव्यात.

मुंबईकर मंडळाकडे यंदा ७०,००० रुपये जमलेत. सभेत देवळाच्या रंगकामाचा विषय निघाला तेव्हा मी उठून म्हटलं, आधी गावात तपासणीची सोय करू. लोकांनी मान डोलावली आणि जबाबदारी माझ्याच गळ्यात घातली. ती मी आनंदाने घेतली आहे, त्याचं कारण सांगतो.

गेल्या वर्षी लावणी आटपल्यावर धाकट्या काकांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा जंतूंचा ताप) किट टेस्ट झाली. निगेटिव्ह आली. घरातले सगळे निर्धास्त झाले, ताप काय आज उतरेल, उद्या उतरेल. सहाव्या दिवशी काकांचे डोळे पिवळे झाले आणि लघवी जवळजवळ थांबली. रात्री गाडी करून गोव्याला नेलं, चार वेळा डायलिसिस झालं, काका वाचले. ती निगेटिव्हची चिठ्ठी काकूने अजून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे. मी विचारलं कशाला ठेवलीस, तर म्हणाली, "ह्या कागदावर मी तीन दिवस झोपले रे."

बाजारात आता हातात मावणारी कितीतरी यंत्रं आली आहेत. शुगर, हिमोग्लोबिन, ईसीजी, ऑक्सिजन, मलेरियाची किट. कागदाची भिंगरी फिरवून रक्त वेगळं करतात असंही वाचलं. एका विक्रेत्याने तर पूर्ण कपाटच द्यायची तयारी दाखवली, एका माणसाच्या चाळीस तपासण्या म्हणे. यातलं आमच्या गावाला काय उपयोगी पडेल? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

डॉ_कातळसडा

काका वाचले हे ऐकून बरं वाटलं. मी २२ वर्षं सड्यावरच्या गावांत प्रॅक्टिस करतो, त्यातली पहिली ९ सरकारी नोकरीत. तुमच्या काकूंच्या चिठ्ठीपासूनच सुरुवात करतो.

ती किट बहुधा बिघडलेली नव्हती. लेप्टोच्या बहुतेक झटपट किट रक्तातली आयजीएम अँटिबॉडी शोधतात, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन. ती शरीरात तयार व्हायलाच साधारण ५ ते ७ दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी जंतू रक्तात असतात, पण किट ज्याच्या शोधात आहे ते अजून आलेलंच नसतं. त्या दिवसांत पीसीआर तपासणीत (ही जंतूचा जनुकीय अंश शोधते) जंतू सापडू शकतो, ती गावात होत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या "निगेटिव्ह"चा अर्थ "लेप्टो नाही" असा नाही, "अजून कळत नाही" असा आहे. हे रुग्णाच्या घरच्यांना तोंडाने सांगायला हवं होतं. तुमच्या बाबतीत ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मग पहिल्या तीन दिवसांत काय करायचं? जुलै ते ऑक्टोबर या काळात तापाचा माणूस आला की मी आधी पाय बघतो. कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरला होता का, तळपायाला भेगा, जखम आहे का. पोटऱ्या दाबून बघतो. लेप्टोत पोटऱ्या इतक्या दुखतात की माणूस कळवळतो. डोळे लाल पण चिपडं नाहीत, हेही लक्षण. दिवसात लघवी किती वेळा झाली ते विचारतो आणि लघवीत तपासणीची रंग बदलणारी पट्टी बुडवतो. या सगळ्यावरून संशय आला तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतो. डॉक्सीसायक्लिन स्वस्त आहे, मात्र गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्याबाबत डॉक्टरनेच ठरवायचं.

तेव्हा लेप्टोसाठी मला एकच वस्तू द्यायची म्हणालात तर मी लघवीच्या पट्ट्यांची बाटली मागेन.

सुरंगी

डॉक्टरांशी सहमत. मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रात काम करते, ठिकाण सांगत नाही. यंत्रं चांगलीच असतात हो, पण ती आपल्या पावसात कशी वागतात ते इथे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

शुगरची पट्टी घ्या. तिच्या टोकावर एन्झाइमचा थर असतो, त्याला दमट हवा लागली की तो खराब होतो. बाटलीच्या झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून पट्टी काढली की झाकण लगेच लावायचं. "टक्" असा आवाज आला पाहिजे. शिबिरात काय होतं? समोर पन्नास माणसं, बाटली उघडीच टेबलावर, बाहेर धो धो पाऊस. मी स्वतः जुलैत एका आजोबांची शुगर एका बाटलीतून ९६ आणि नव्या बाटलीतून १६८ बघितली आहे, पाच मिनिटांच्या अंतराने. तेव्हापासून बाटली फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहिते. फोडल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर असतं, बऱ्याच कंपन्यांचं ९० दिवस.

दुसरं, मे महिन्यातली गोष्ट. एक वहिनी आल्या, शुगर ३४०. त्यांना कधी मधुमेह नव्हता. चेहऱ्याकडे बघितलं तर ठणठणीत. सहज विचारलं, घरी काय चाललंय? म्हणाल्या, साठं घालतेय सकाळपासून. आंब्याचा रस बोटाला! पुसलेला होता, पण नुसता पदराला. साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले, पुन्हा टोचलं : १०८. त्या ३४० वर कुणी गोळी सुरू केली असती तर काय झालं असतं याचा विचार करून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आंबा, फणस, काजूची बोंडं यांच्या दिवसांत आधी साबण आणि मग सुई. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही.

हिमोग्लोबिनलाही तसंच. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की रक्तासोबत पेशींमधलं पाणी उतरतं आणि आकडा खोटा कमी येतो. हात कोमट पाण्यात धरायला सांगा, पहिला थेंब पुसा, दुसरा आपसूक येऊ द्या. गरोदरपणी ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. एखादीला १०.८ आणि एखादीला ११.२ सांगताना हा फरक पिळण्यामुळे पडलेला नसावा.

तरीवाला

आमच्या आयेचो दंड काठीसारखो बारीक. प्रेशरचो पट्टो गुंडाळलो तर दोन वेढे बसतत. दरवेळी सांगतत, प्रेशर एकदम बरा आसा. मागच्या महिन्यात चक्कर येवन पडली, कणकवलीक नेलंव तर वरचो आकडो १८०. ह्या कशामुळे ता कोण सांगात काय?

डॉ_कातळसडा

@तरीवाला, पट्ट्याचं माप हे एक कारण नक्की असू शकतं. बारीक दंडाला मोठा कफ लावला की प्रेशर खोटं कमी दिसतं. जाड दंडाला छोटा लावला की खोटं जास्त. शिवाय चालत आल्या आल्या मोजायचं नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, हात छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. आयेचं पुढचं मोजमाप योग्य कफने दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करून घ्या. आणि ती पडली कशी, हेही डॉक्टरांना सविस्तर सांगा. फक्त प्रेशरवर सोडू नका.

साकवापलीकडे, लिहून घ्या : प्रेशरचं मशीन एक चालेल, कफ तीन मापांचे हवेत.

काचपट्टी

मी लॅब टेक्निशियन, आयुष्य स्लाइडी बघण्यात गेलं. कागदी भिंगरीचा विषय निघालाय तर राहवत नाही.

बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून, दोन्ही हातांनी ताणून-सैल करून गरगरवायचा खेळ आपण सगळे खेळलोय. त्यावरूनच स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी पेपरफ्यूज केला, २०१७ साली. हे मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. युगांडात एका दवाखान्यात त्यांना सेंट्रिफ्यूज मशीन (रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं) दाराला अडसर म्हणून ठेवलेलं दिसलं, कारण तिथे वीजच नव्हती. त्यातून हा विचार सुचला. कागदाची चकती, दोरा, लाकडी मुठी, खर्च २० सेंट. मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग जातो आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला पातळ भाग, वेगळा होतो. हे वाचलं तेव्हा मी घरी पुठ्ठ्याची करून बघितली, रक्त न घालता अर्थातच. दोरा ताणला की जो सूं आवाज येतो तो ऐकून माझी नात धावत आली.

पण प्लाझ्मा वेगळा झाला, पुढे काय? त्यावर करायची तपासणी आणि ती वाचणारा माणूस, दोन्ही लागतात. रक्त भरलेली बारीक केशनळी फुटली तर रक्त अंगावर उडतं ते वेगळंच. त्यांचाच २०१४ चा घडीचा कागदी मायक्रोस्कोप, फोल्डस्कोप, तोही सुंदर आहे. सहसा मिळतो तो १४० पट मोठं दाखवतो. मलेरियाची स्लाइड आम्ही तेल घालून १००० पटीवर बघतो. माझं मत असं की या दोन्ही वस्तू गावच्या शाळेला जरूर द्या. विहिरीच्या पाण्याचा एक थेंब मुलांनी एकदा बघितला की गाळून, उकळून पिण्याबद्दल भाषण करावं लागत नाही. रुग्णाचं निदान मात्र त्यावर नको.

मलेरियाची किट आशाताईंकडे सरकारकडून येते, ती विकत घेऊ नका. १५-२० मिनिटांत मलेरियाचा प्रकार फॅल्सिपेरम की व्हायवॅक्स ते कळतं. एक लक्षात असू द्या, फॅल्सिपेरमची रेघ ज्या प्रथिनावर उमटते ते औषधोपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं. म्हणून बरा झालेला माणूस पुन्हा किटवर तपासून "अजून मलेरिया आहे" असं घाबरवू नये. तिथे स्लाइडच लागते. आणि वेळ उलटून गेल्यावर उगवलेली फिकट रेघ धरायची नाही.

वेंगुर्ल्याची_माई

ईसीजीबद्दल लिहायचंय. आमच्या ह्यांना पहाटे छातीत जड वाटायला लागलं, घाम. जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजीचं मशीन होतं, चालू होतं, सिस्टरही जागी होती. कागदाचा रोल संपला होता. तीन आठवड्यांपासून मागणी गेली होती म्हणाली ती, तिच्याच डोळ्यांत पाणी. पुढे न्यावं लागलं, पाऊण तास गेला. हे आज आहेत, म्हणून लिहू शकते.

मशीन देणाऱ्याचं नाव त्या मशीनवर पितळी पट्टीवर कोरलेलं होतं. रोलाचे पैसे कुणाच्या नावावर नव्हते.

साकवापलीकडे

माई, वाचून थांबलोच. ७०,००० मधले किती यंत्रांना आणि किती पुढच्या तीन वर्षांच्या पट्ट्या-रोल-सेलना, हा हिशेब मी केलाच नव्हता.

सुरंगी

माई, त्या सिस्टरच्या जागी मी अनेकदा उभी राहिले आहे.

आणखी एक : ईसीजीचा कागद उष्णतेने छापणारा असतो, फिका पडत जातो. निघाल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या डॉक्टरला जुना ईसीजी दाखवता येणं फार मोलाचं असतं.

चाकरमानी_परळ

मंडळाचा मीही सभासद. पोर्टेबल सोनोग्राफी आता मोबाईलला जोडता येते म्हणतात. गरोदर बायांना एवढ्या लांब जावं लागणार नाही. ते का नको?

डॉ_कातळसडा

कायद्यामुळे. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, पात्र डॉक्टर लागतो, प्रत्येक तपासणीचा फॉर्म भरावा लागतो, आणि हलवता येणाऱ्या मशीनवर जास्तच निर्बंध आहेत. मंडळाने विकत घेऊन गावात ठेवणं हा गुन्हा ठरेल. कायदा कडक आहे आणि तो तसाच असावा, महाराष्ट्रात मुलींच्या बाबतीत काय झालंय ते आपण बघितलंय.

पण गरोदर बाईसाठी गावात करण्यासारखं खूप आहे. प्रेशर आणि लघवीतलं प्रोटीन. २० आठवड्यांनंतर प्रेशर १४०/९० किंवा वर आणि पट्टीवर प्रोटीन, की त्याच दिवशी पुढे पाठवायचं, उद्यावर टाकायचं नाही. झटके यायच्या आधीची ही पायरी आहे. पट्टीचा रंग ठरलेल्या वेळेलाच वाचायचा, साधारण एक मिनिट, घड्याळ लावून. अंदाजाने नाही.

आकडेमोड_रत्नागिरी

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्या चाळीस तपासण्यांच्या कपाटाबद्दल एक गणित मांडते.

समजा १००० माणसांची एका आजारासाठी तपासणी केली आणि खरे आजारी १० आहेत. टेस्ट आजाऱ्यांना ९५ टक्के अचूक ओळखते, निरोग्यांनाही ९५ टक्के. ऐकायला उत्तम. १० पैकी ९ किंवा १० सापडतील. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ५ टक्के, म्हणजे जवळजवळ ५० जणांना "पॉझिटिव्ह" सांगितलं जाईल. म्हणजे साठेक जण घाबरून तालुक्याला धावतील आणि त्यातल्या सहापैकी पाचांना काहीच झालेलं नसेल. हे एका तपासणीचं. प्रत्येकाच्या अशा चाळीस केल्या तर निरोगी माणूस सुटणं कठीण.

तीच टेस्ट ताप आलेल्या, शेतात राबलेल्या, पोटऱ्या धरून आलेल्या माणसाला केली तर तिच्या "पॉझिटिव्ह"ला वजन येतं. सरसकट शिबिर भरवून सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करू नका अशी कळकळीची विनंती.

दोडामार्ग_सीमा

आमच्याकडचा माकडताप विसरू नका. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात साथ आली तेव्हा आधी कळतच नव्हतं काय आहे. काजूच्या बागेत पाचोळ्यात गोचीड चावते, त्यातून होतो. नमुने पुण्याला जायचे. आता यासाठी ट्रूनॅटच्या छोट्या मशीनवरची चाचणी विकसित झाली आहे. ही बॅटरीवर चालणारी पीसीआर, कंपनी आपल्या शेजारची, गोव्यात वेर्णेची. टीबीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच तिला मान्यता दिली, तासाभरात निकाल येतो. आपल्या मातीतून असं काही निघतंय याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

काचपट्टी

@दोडामार्ग_सीमा, ट्रूनॅट उत्तमच. पण ते मंडळाने घ्यायचं नव्हे. प्रत्येक तपासणीला वेगळी चिप, प्रशिक्षित माणूस, वापरलेल्या नमुन्याची विल्हेवाट. ते सरकारी केंद्रातच शोभतं. मंडळाने नमुना तिथवर वेळेत पोचेल एवढी सोय केली तरी खूप.

डॉ_कातळसडा

सापाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि मला तर हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

सरकारी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. सड्यावर गवत कापताना एका बाईला दगडाखालून काहीतरी चावलं, दिसलं नाही. पायावर दोन बारीक ठिपके, सूज किरकोळ. ती म्हणत होती, काटा असेल, मला घरी सोडा, म्हैस दुधाची आहे. मी शिरेतून २ मिली रक्त काढलं, कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घातलं, नळी खिडकीत उभी ठेवली आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, हलवायची नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त दह्यासारखं धरलेलं असायला हवं. ते पाण्यासारखं वाहिलं. फुरसं. लगेच प्रतिविष सुरू केलं. आठव्या दिवशी बाई चालत घरी गेली.

फुरसं किंवा घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, ते या नळीत दिसतं. खर्च एका काचेच्या नळीचा. पण नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नाही, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. साबण-डिटर्जंटने धुतलेली नाही. रक्त गोठलं तरी लगेच घरी सोडायचं नाही, पुन्हा पुन्हा तपासायचं. आणि नाग-मण्यार यांचं विष नसांवर जातं, तिथे रक्त नीट गोठूनही माणूस दगावू शकतो. पापण्या मिटायला लागल्या का ते बघायचं. ही चाचणी दवाखान्यातच, कारण प्रतिविष तिथे आहे. गावात नळी धरून बसायचं नाही, माणूस हलवायचा.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण मी नव्या डॉक्टरांना नेहमी देतो. १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाचे रुग्ण त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून बघितले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, प्रेशर, नाडी, सगळं नोंदत गेले. १९८२ मध्ये ती निरीक्षणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार त्यांनी रुळवला, आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हत्यार काय होतं त्यांच्याकडे? प्रेशरचं मशीन आणि न झोपता बसायची तयारी.

सुरंगी

डॉक्टर, धन्यवाद. आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काचेच्या नळ्या आहेत का ते उद्याच बघते.

एक राहिलं, सुयांचं. बोट टोचायची सुई (लॅन्सेट) एका माणसाला एकच, आणि वापरलेली सुई छेद न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, तो डबा पीएचसीमार्फतच जायला हवा. कचऱ्यात, परड्यात, चुलीत नाही. कावीळ बी अशीच पसरते. बोटावर लावायचा ऑक्सिमीटर घेतलात तर नखाचा रंग काढायचा आणि गारठलेला हात आधी चोळून गरम करायचा.

साकवापलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोनवर मंडळाची सभा झाली. ठरलं ते असं.

कपाटाला नकार कळवला. प्रेशरचं एक चांगलं मशीन आणि तीन मापांचे कफ. ज्याच्या पट्ट्या देवगडच्या मेडिकलमध्ये कायम मिळतात असं ग्लुकोमीटर, स्वस्तातलं परदेशी नाही. लघवीच्या पट्ट्या. एक ऑक्सिमीटर, एक डिजिटल थर्मामीटर. यंत्रांवर सगळे मिळून १५,००० च्या आत. पेटी आशाताईंकडे, पण वापर उपकेंद्राच्या सिस्टरांच्या देखरेखीखाली, त्यांनी हो म्हटलंय. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा माझी आई देणार आहे, पापडाचा, रबर लावलेला.

३०,००० रुपये तीन वर्षांच्या पट्ट्या, सुया आणि सेलसाठी वेगळ्या खात्यात. त्यातूनच पीएचसीला ईसीजीचे रोल आणि काचेच्या नळ्या दर सहा महिन्यांनी. माई, हे तुमच्यामुळे.

उरलेले २५,००० पावसाळ्यातल्या गाडीसाठी. जून ते ऑक्टोबर, तापाचा माणूस किंवा त्याचा नमुना दुपारी १२ च्या आत केंद्रात पोचला पाहिजे. पलीकडच्या वाडीतला एक रिक्षावाला तयार झालाय, पैसे महिन्याला मिळणार म्हटल्यावर.

शिवाय काकूने एक सुचवलं. किटच्या निकालाची चिठ्ठी देताना तिच्यावर ताप कितव्या दिवसाचा आहे ते लिहायचं, आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख. त्याचा शिक्का करून घेतोय. डॉक्टर, शिक्क्यावरचा मजकूर एकदा तपासून द्याल का? खाली लिहितो :

"ताप ___ वा दिवस. आज निगेटिव्ह. ___ तारखेला पुन्हा तपासणी. लघवी कमी झाल्यास वाट न बघता लगेच यावे."

डॉ_कातळसडा

"लघवी कमी झाल्यास" नंतर "किंवा डोळे पिवळे दिसल्यास, दम लागल्यास" घाला. आणि अक्षरं मोठी करा, वाचणारे साठीच्या पुढचे आहेत.